फायबर होडीचा काठ सारखा फुटतोय? पट्टी मारायच्या आधी हे बघून घ्या

राम राम मंडळी. मी आधी वाळूज एमआयडीसीत फायबरच्या कामावर होतो, टाक्या, पत्रे, कुलरच्या बॉड्या असलं सगळं केलंय, आता पैठणलाच असतो आणि नाथसागरावरच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयातल्या, होड्या दुरुस्त करतो. मासेमारीच्या बारा-चौदा फुटी होड्या जास्त, अधूनमधून एखाद्या हौशी माणसाची शिडाची डिंगी, म्हणजे छोटी होडी. पण तक्रार बहुतेक वेळा एकच, "काठ फुटला".

काठ म्हणजे होडीची वरची कड, जिथं हात टेकवून आपण आत चढतो आणि जाळं जिच्यावरून ओढतो ती. फायबर तिथं बाहेर दुमडलेलं असतं, दुमडीच्या पोटात लाकडाची पट्टी असते आणि वरून रबराची नाहीतर पीव्हीसीची बीडिंग. दिसायला किरकोळ, पण टोपलीच्या तोंडाची बांधलेली कांब सोडली की टोपली कशी फसकन पसरते तसं होडीचं पण होतं. म्हणून काठाला तडा गेला तर "वरच आहे, पाणी थोडंच येतंय" म्हणून सोडून देऊ नका.

आधी माझीच फजिती सांगतो. आमच्याकडं एक मामा आहेत, भोई समाजातले, त्यांच्या होडीचा उजवा काठ मी दिवाळीत दुरुस्त केला, तो नाथषष्ठीपर्यंत सुटला. परत केला, पावसाळ्यात सुटला. तिसऱ्यांदा आले तेव्हा मामा काही रागानं बोलले नाहीत, नुसतं म्हणाले, "दादा, तुमचा माल तर लै भारी म्हणता, मग होडीलाच काय बाधा झाली का?" लाज वाटली राव. मग मी ती बीडिंग पूर्ण उपसून काढली तर आतून काळं पाणी गळालं आणि लाकूड कसलं, ओल्या तंबाखूसारखा चोथा, चिमटीत धरला तर बोटाला चिकटून येत होता. मी दोन्ही वेळा त्याच सडक्या लाकडावर मस्त चकाचक फायबर मारलं होतं. चूक माझी, पैसे घेतले नाहीत.

तर लक्षणं आधी. यातलं एखादं जरी दिसत असेल तर पुढचं वाचा.

काठाच्या आडवे केसासारखे बारीक तडे, विशेष करून बसायची फळी जिथं काठाला मिळते तिथं आणि वल्ह्याच्या खुंटीपाशी. बीडिंग फुगलेली किंवा लाटेसारखी झालेली. स्क्रूच्या डोक्याखालून तांबडा ओघळ. होडी उन्हात दोन दिवस पालथी पडलेली असून पण काठातून थेंब थेंब पाणी गळणं. हातानं दाबल्यावर कर्र असा आवाज. आणि सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे होडी पहिल्यापेक्षा जड लागते, पूर्वी दोघं उचलायचे आता तिघं लागतात, आणि सगळे म्हणतात वय झालं आपलं. वय नाही, लाकडानं पाणी पिलंय.

आता तपासणी. फुकटातल्या गोष्टी आधी, ग्राइंडर सगळ्यात शेवटी. उलटं करणारे लोक पण बघितलेत मी, आल्या आल्या ग्राइंडर लावतात, मग चांगल्या जागेला पण भोक.

पहिलं, होडी धुवा. हसू नका. शेवाळ, माशाचे खवले, जुना ऑइलपेंट याच्याखाली अर्धे तडे लपलेले असतात. साबणाच्या पाण्यानं घासा, वाळू द्या, मग जुन्या नायलॉनच्या साडीचा तुकडा काठावरून हळू फिरवा. जिथं धागा अडकतो तिथं खडूनं खूण करा. खूण आडवी आहे का उभी आहे हे बघून ठेवा. काठाच्या लांबीनं जाणारा तडा बहुतेक वेळा मार लागल्याचा किंवा बीडिंग खाली पाणी साचल्याचा असतो, काठाला आडवा जाणारा तडा म्हणजे होडी तिथं वाकतेय. आडवा जास्त वाईट, कारण तिथं वरून कितीही लेप दिला तरी वाकणं थांबत नाही तोपर्यंत तो परत येणारच.

दुसरं, स्क्रू. स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि प्रत्येक स्क्रू थोडा आवळून बघा. घट्ट बसला तर ठीक. नुसताच गोल फिरत राहिला तर आतलं लाकूड त्याला धरत नाही, म्हणजे गेलंय. बऱ्याच होड्यांना साधे लोखंडी स्क्रू मारलेले असतात, ते गंजले की फुगतात आणि फायबरला आतून फोडतात. चुंबक लावून बघा, घरातल्या फ्रिजचं पण चालतं, घट्ट चिकटलं तर समजा लोखंडी आहे. आपलं पाणी गोडं आहे त्यामुळं ३०४ ग्रेडचं स्टेनलेस पुरतं, ३१६ ची हौस समुद्रवाल्यांना असू द्या. दोन-चारच स्क्रू ढिले असतील आणि बाकी काही नसेल तर तुमचं काम इथंच संपलं. ते काढा, भोक वाळू द्या, भोकात इपॉक्सी (दोन भाग मिसळून वाळणारा पक्का चिकट माल) भरून वाळल्यावर नवीन बारीक भोक पाडून स्टीलचा स्क्रू मारा. घरी जा.

तिसरं, रुपयाचं नाणं. काठावर वीतभर अंतरानं टकटक करत जा. चांगल्या जागी टणक, कोरडा आवाज येतो, खराब जागी बद्द. कलिंगड वाजवून घेता तसंच, फक्त इथं बद्द आवाज नको. जिथून आवाज बदलतो आणि जिथं परत सुधरतो, दोन्हीकडं खडूची खूण. ह्यानं कळतं की नुकसान किती फूट आहे. डोळ्याला सहा इंच दिसणारा तडा आतून तीन फूट निघतो कधीकधी, आणि माल आणायच्या आधी हे कळलेलं बरं.

चौथं, ओल किती आहे. संशयाच्या जागेवर पारदर्शक पॉलिथीनचा तुकडा चारी बाजूनं टेपनं हवाबंद चिकटवा आणि होडी दिवसभर उन्हात ठेवा. संध्याकाळी पॉलिथीनच्या आतून थेंब धरलेले दिसले तर ओल आतून येतेय. मग तिथं काहीही मारू नका, रेझिन (फायबरला घट्ट करणारा चिकट द्रव) ओल्यावर धरत नाही, वरून वाळल्यासारखं दिसतं आणि एका मोसमात पापुद्रा सुटतो. मामांच्या होडीला हीच एक टेस्ट केली असती तर दोन वेळचा माल वाचला असता.

पाचवं, होडी पसरलीय का. एका बाजूच्या काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सुतळी ताणून गाठ मारा, मधल्या फळीपाशी. मग दोघांनी काठाला आत दाबा आणि सोडा. सुतळी ढिली-ताठ होताना दिसली तर फळी आणि काठाचा सांधा सुटलाय. अशा होडीचा नुसता काठ दुरुस्त करणं म्हणजे तुटलेल्या चौकटीला नवीन दार बसवणं. आधी फळीचा सांधा दोन्ही बाजूनं मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) मारून पक्का करा, मग काठाकडं या.

शिडाच्या डिंगीची एक वेगळी गंमत असते. तिचा काठ म्हणजे बऱ्याच वेळा खालची बॉडी आणि वरचा डेक यांच्या दोन ओठांचा सांधा, चिकटवलेला. पोटात हवेच्या बंद टाक्या, त्या तरंगायला. डिंगीत पाणी येतंय पण तळाला तडा दिसत नाही तर संशय ह्या सांध्यावर घ्या. सगळी झाकणं लावा, सांध्यावर साबणाचा फेस लावा आणि पाणी काढायच्या भोकातून फुग्याच्या पंपानं हलकी हवा भरा, जिथं बुडबुडे तिथं गळती. टायरवाल्याच्या कंप्रेसरनं करू नका, कृपा करून. एका भाऊनी केलं होतं, होता तो सांधा पण दोन फूट उघडला आणि मग माझ्याकडं आले.

इथपर्यंत एक रुपया गेला नाही. आता खर्चाचं.

बीडिंग काढा आणि लाकूड टोचून बघा, पेचकसाचं टोक सहज आत गेलं तर ते लाकूड संपलं. किती सडलंय तेवढंच नाही, त्याच्या पुढं दोन्हीकडं चांगलं लाकूड लागेपर्यंत काढायचं. इथं कंजुषी करायची नाही, कारण सडकं लाकूड शेजारच्या चांगल्याला पण ओल देत राहतं. लाईट गेली असेल तर हॅक्सॉ ब्लेड आणि पटाशीनं पण होतं, वेळ लागतो इतकंच.

मग वाळवणं. ह्यालाच लोक कंटाळतात. एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेलेलं असतं, होड्या जमिनीवर असतात, ऊन फुकट आहे, आठ-दहा दिवस काठ उघडा ठेवून उन्हात राहू द्या आणि पॉलिथीनची टेस्ट परत करा. थेंब नाही आले की पुढं.

नवीन लाकूड सागाचं घ्या, वाळलेलं. बाभळीचं घालू का म्हणून विचारतात, औताला बाभूळ चांगली पण इथं जड होते आणि वाकवताना चिरते. सागाची पण एक जाड पट्टी वाकवण्यापेक्षा दोन पातळ पट्ट्या एकमेकांवर चिकटवून वाकवा, आकार धरून ठेवतात. जुन्या-नव्या लाकडाचा सांधा सरळ कापून जोडू नका, तिरका कापा, पट्टी एक इंच जाड असेल तर तिरका काप आठ इंच लांब. सरळ सांध्यावर सगळा जोर एका रेषेत येतो आणि पुढचा तडा बरोबर तिथंच पडतो.

लाकूड चिकटवायला इपॉक्सी वापरा, साधं पॉलिस्टर रेझिन लाकडाला नीट धरत नाही. आता इथं एक बारकावा आहे जो दुकानदार सांगत नाही. आपण जी तुकड्या-तुकड्याची मॅट वापरतो तिच्यातला चिकटवणारा पदार्थ पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरीन नावाच्या द्रवानं विरघळतो, म्हणून ती मऊ होऊन वळणावर बसते. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यात ती मॅट कडकच राहते, केस उभे राहिल्यासारखी. इपॉक्सी वापरायचं तर विणलेलं कापड घ्या, मॅट वापरायची तर पॉलिस्टर घ्या. आणि इपॉक्सीवर नंतर पॉलिस्टरचा जेलकोट (वरचा चकचकीत थर) मारू नका, नीट वाळत नाही, धरत पण नाही, त्याच्यावर पेंटच मारा.

दुसरी एक आपल्याकडची सवय. काठाच्या पोकळीत थर्माकोल कोंबतात, वर रेझिन ओततात. पॉलिस्टर रेझिन थर्माकोल खाऊन टाकतं, डोळ्यादेखत विरघळतं, आणि आत पोकळी तशीच, वर अंड्याच्या टरफलासारखा पापुद्रा. थर्माकोलचे तराफे वापरणारे लोक आपण, म्हणून हे सुचतं, पण इथं नको.

फायबरचा तडा भरताना नुसता तड्यावर लेप द्यायचा नाही. तडा घासून काढायचा आणि कडा तिरक्या करायच्या, जाडीच्या बारा पट लांब. होडी तिथं ३ मिलिमीटर जाड असेल तर तड्याच्या प्रत्येक बाजूला साधारण ३६ मिलिमीटर उतार. जुन्या वाळलेल्या फायबरला नवीन रेझिन फक्त खरखरीत जागेला पकडून राहतं, रासायनिक जोड होत नाही, म्हणून जितकी जास्त खरखरीत जागा तितकी पकड. ४० नंबरच्या पॉलिश पेपरनं चमक पूर्ण गेली पाहिजे. मग अ‍ॅसिटोननं पुसा. मग ४५० ची मॅट (चौरस मीटरला ४५० ग्रॅम), एक थर वाळल्यावर साधारण एक मिलिमीटर भरतो त्यावरून थर मोजा, आधी लहान तुकडा मग त्याच्यापेक्षा मोठा. १०० ग्रॅम मॅटला २०० ते २५० ग्रॅम रेझिन. जास्त रेझिन म्हणजे जास्त मजबुती नाही, ताकद काचेच्या धाग्यात आहे, नुसतं रेझिन ठिसूळ असतं. रोलरनं पांढरे डाग जाईपर्यंत दाबा, पांढरा डाग म्हणजे हवा.

हार्डनर, म्हणजे रेझिन कडक करणारा द्रव, रेझिनच्या १ ते २ टक्के. आपल्या उन्हाळ्यात १ टक्का पण बास होतो, २०० ग्रॅम रेझिनला २ मिली, औषधाच्या दुकानातली बिनसुईची सिरिंज घ्या आणि मोजूनच टाका. चाळीस डिग्रीत दुपारी काम काढलं तर मगातच माल दगड होतो, मगातून वाफा निघतात, हात भाजतो. सकाळी आठच्या आत नाहीतर संध्याकाळी पाचच्या पुढं करा, आणि थोडा थोडा माल कालवा. डिसेंबरच्या सकाळी उलटं, वाळतच नाही, तेव्हा ऊन वर आल्यावर सुरू करा पण हार्डनर २ टक्क्यांच्या वर नेऊ नका.

आता हे नीट वाचा. कोबाल्ट (रेझिन लवकर वाळावं म्हणून टाकतात तो द्रव) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. भडका उडतो, स्फोट होतो. दुकानदाराला विचारा कोबाल्ट आधीच टाकलेलं आहे का, नसेल तर आधी कोबाल्ट रेझिनमध्ये टाकून पूर्ण ढवळा आणि मगच हार्डनर. दोन बाटल्या एका पिशवीत आणू नका. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, चष्मा घाला, आणि उडालाच तर लगेच स्वच्छ पाण्यानं किमान पंधरा मिनिटं धुवत राहा आणि तसंच सरळ दवाखान्यात. बिडी पिणाऱ्याला लांब बसवा. ग्राइंडिंगला मास्क आणि फुल बाह्याचा शर्ट, ती काचेची धूळ आहे, खाज तर सुटतेच पण छातीत जायला नको.

मजबुती वाढवायची असेल तर फळीचा सांधा आणि वल्ह्याची खुंटी, ह्या दोन जागी आतून काठाखाली हातभर लांबीचे दोन जादा थर द्या आणि त्यांच्या कडा पायरी-पायरीनं कमी करत आणा. एकदम जाड आणि शेजारी एकदम पातळ असं ठेवलं तर तडा बरोबर त्या हद्दीवर येतो. बीडिंग परत बसवताना खालच्या बाजूला हातभर अंतरावर पाणी निघायला छोटी भोकं ठेवा. सगळे वरून सिलिकॉननं गच्च बंद करतात, पाणी कुठून ना कुठून आत जातंच, बाहेर यायला मात्र वाट नसते.

मामांच्या होडीचं तिसऱ्या वेळी मी हे सगळं केलं, तरी मनात होतं की आत पाणी मुळात गेलंच कसं. मग एक दिवस सकाळी धरणाच्या काठावर जाऊन बसलो आणि नुसतं बघितलं. आपला नाथसागर बशीसारखा पसरट, १५२२ फुटाला भरला की पाणी जिथं लागतं तिथून उन्हाळ्यात पार लांब सरकतं, मधे सगळा मुरूम आणि काळा दगड. मामा आणि त्यांचा पोरगा होडी आडवी करून उजव्या काठावर ओढत आणत होते, रोज, उजव्याच, कारण पोरगा डावखुरा आहे आणि त्याला ती बाजू धरायला सोपी. वर आणून दोन दगडांवर पालथी टेकवायची, ते दोन दगड पण रोज त्याच जागी. दगड बरोबर तड्याखाली. आता दोन बाद टायर जमिनीवर टाकून त्याच्यावर टेकवतात आणि ओढायला तीन पीव्हीसी पाइपचे तुकडे रूळ म्हणून. छोट्या हत्तीत होडी घालताना दोरी पण काठावरून आवळतात, तिथं दोरीखाली गोणपाट घाला.

थांबायचं कुठं ते सांगतो. तडा काठावरून खाली पाण्याच्या रेषेच्या आत गेलाय, तर थांबा. सुतळीच्या टेस्टमध्ये होडी इंचभर पण पसरलेली निघाली आणि दोन्ही काठ गेलेत, थांबा, तिला साच्यात नाहीतर शिकंज्यात धरून सरळ करावी लागते. मागच्या फळीला इंजिन आहे आणि तडा त्या कोपऱ्यात आलाय, थांबा. शिडाच्या डिंगीला डोलकाठी बाजूनं ताणून धरणारी वायर काठावरच्या स्टीलच्या पट्टीला बांधलेली असते, त्या पट्टीच्या बोल्टभोवती चांदणीसारखे तडे दिसले तर पाण्यात घालूच नका. वाऱ्यात त्या एका पट्टीवर सगळ्या शिडाचा ताण येतो, ती उपटली की डोलकाठी माणसाच्या डोक्यावर. तिथं आतून किती जाड पट्टी बसवायची हे मी पण ठरवत नाही, डिंगीवाल्या जाणकाराकडं पाठवतो. आणि लोकं बसवून फिरवायची होडी असेल तर घरगुती दुरुस्ती नकोच, वाळूज किंवा चिकलठाण्याच्या फायबरवाल्याकडून करून घ्या आणि इंजिनवाली असेल तर सर्व्हे (सरकारी तपासणी) झाल्याशिवाय माणूस बसवू नका.

काम झाल्यावर दुसऱ्या दिवशी हात लावून कडक लागलं तरी होडी लगेच पाण्यात ढकलू नका, आठवडाभर राहू द्या. पहिल्या पंधरा दिवसांनी एकदा नाणं घेऊन परत टकटक करा, आणि बीडिंगखालची भोकं काडीनं मोकळी करा, मुंग्या माती भरून ठेवतात त्यात.